कावडीखालचे पोर

दिवाळी अंकातला टीकालेख हा फराळाच्या ताटातल्या कडबोळ्यासारखा असतो. चकल्या संपतात, अनारसे संपतात, आणि मग कोणी तरी नाइलाजाने त्याच्याकडे वळते. हे मला ठाऊक आहे. शिवाय मी समीक्षक नव्हे. मॅट्रिक झालो, चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, ड्रॉइंगमास्तर झालो आणि फावल्या वेळात चार कादंबऱ्या लिहिल्या, एवढीच माझी पुंजी. तेव्हा जडजंबाल काही मजकडून व्हायचे नाही. घरोघरी असतात अशा दोनतीन पुस्तकांविषयी आणि माझ्या स्वतःच्या एका पुस्तकाविषयी चार शब्द लिहावे म्हणतो. निमित्त मात्र पुस्तकाचे नाही, एका चित्राचे आहे.

आठवीच्या वर्गाला मी ‘माझे घर’ हा विषय दिला होता. बहुतेक पोरांनी नेहमीप्रमाणे कौलारू घर काढले, मागे दोन डोंगर, डोंगरांच्या बेचक्यात सूर्य. जन्म नारायण पेठेत काढलेल्या या पोरांनी डोंगरातून उगवणारा सूर्य पाहिला कुठे, हे मला वीस वर्षांत उमगलेले नाही! एका मुलीने मात्र खोली काढली. खोलीत कॉट, कॉटवर पांघरूण घेतलेले कोणी तरी, खिडकीत औषधे, खाली फरशीवर एक अंथरूण, आणि कॉटवरून त्या अंथरुणापर्यंत आलेली एक दोरी. ती दोरी कशाची, हे वर्गात कोणाला कळले नाही. मला कळले. रात्री आजारी माणसाला उठायचे झाले, तर हाक मारण्याइतकीही शक्ती नसते. त्याने दोरी ओढायची, म्हणजे खाली झोपलेल्याच्या पायाच्या अंगठ्याला हिसका बसतो. माझ्या अंगठ्याला अशी दोरी चार वर्षे होती.

मी भारावून गेलो. मुलीला वर्गासमोर उभे केले, चित्र सगळ्यांना दाखवले, “ही आपल्या वर्गातली श्रावणबाळ!” असे म्हणालो आणि टाळ्या वाजवायला लावल्या. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत यायची बंद झाली.

नऊ दिवसांनी तिच्या घरी गेलो. आईची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. वडील पहाटे रिक्षा घेऊन बाहेर पडतात ते रात्री येतात. डायलिसिसच्या रात्री आईच्या पायांत गोळे येतात, ते ही मुलगी चोळते. भाज्या उकळून त्यांचे पाणी टाकून द्यायचे, हे तिला पाठ आहे. दिवसाचे पाणी मोजून द्यावे लागते. आई आणखी मागते आणि तेरा वर्षांच्या मुलीने नाही म्हणायचे असते. दारातच ती मला म्हणाली, “सर, आत्तापर्यंत कोणालाच माहीत नव्हतं.” एवढेच. (हे सारे तिला आणि तिच्या आईला विचारून, ओळख पटू नये इतके फिरवून लिहितो आहे. एकदा न विचारता केले, ते पुरे झाले.)

मुंजाबाच्या बोळातून परत येताना मनात एकच गोष्ट घोळत होती. ती टाळी वाजवायला मी शिकलो कोठे? घरी तर नव्हे. माझ्या घरी अशा पोरांची काय गत असते ते मी पाहिले होते. टाळी मी पुस्तकांतून शिकलो होतो. म्हणून पुस्तकांकडे पुन्हा गेलो.

आधी श्रावणबाळच घ्या. आपल्या सगळ्यांच्या मनातला श्रावण म्हणजे खांद्यावर कावड, कावडीत आंधळे आईबाप, आणि चेहऱ्यावर काही तरी तेज. कॅलेंडरावर तो तसाच असतो. पण वाल्मीकिरामायणाचे मराठी भाषांतर उघडले, तर निराळेच निघते. तेथे या मुलाला नावच नाही. कावड आणि तीर्थयात्रा ही पुढच्या कथा सांगणाऱ्यांनी त्याच्या खांद्यावर दिलेली. मूळ कथेत रानातले एक आंधळे जोडपे आणि पाणी आणायला गेलेले त्यांचे पोर, इतकेच. दशरथाचा बाण लागून ते मरते आणि राजा स्वतः घडा घेऊन त्या जोडप्याकडे जातो. पावलांचा आवाज ऐकून बापाला वाटते, मुलगाच आला. तो काय म्हणतो? मुलाला उशीर का झाला म्हणून तो रागावतो. पाण्यात खेळत बसला असशील, इकडे आई काळजीत आहे, अशा अर्थाचे बोलतो.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसलो. वाल्मीकीला ठाऊक होते की तो मुलगा पाण्यात खेळणारा आहे! आंधळ्या बापालाही ठाऊक होते. पोर घडा घेऊन गेले की थोडा वेळ पाण्यात डुंबते, उशिरा येते, बोलणी खाते, हे त्या घरातले रोजचे असले पाहिजे. एरवी बापाच्या तोंडी पहिली शंका तीच का यावी? पुढच्या शतकांनी त्या पोराला नाव दिले, कावड दिली, पुण्य दिले, आणि पाण्यात खेळण्याची ती पाच मिनिटे तेवढी काढून घेतली. मला तर वाटते, कावडीहून हा भार मोठा झाला.

आणि एक प्रश्न त्या कथेला कोणीच विचारत नाही. आंधळ्या दोघांना एकच मूल, आणि आसपास दुसरे कोणी नाही? आपण त्याला नमस्कार केला, पण कावडीचे दुसरे टोक धरायला कोणी गेले नाही. महाराष्ट्र सरकारने पासष्ट वर्षांवरच्या निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना काढली, ही चांगली गोष्ट आहे. पण गंमत पाहा, नाव मुलाचे आणि पैसे आईबापांना. श्रावणाच्या वाट्याला येथेही नावच आले.

आपल्या भाषेचेही असेच आहे. “म्हाताऱ्याचं कोण करतं?” असे आपण विचारतो. “तिने सासूचं फार केलं,” असे म्हणतो. काय केले? ते कर्म वाक्यात नसते. त्या एका ‘करणे’मध्ये अंथरूण बदलणे, न्हाऊ घालणे, भांडे देणे आणि धुणे, घास भरवणे, रात्री उठणे, शिव्या ऐकणे, सारे आले, पण उच्चारायचे काही नाही. मोठ्या माणसाच्या बाबतीत निदान हे क्रियापद तरी मिळते. मुलाच्या बाबतीत आपण म्हणतो, “आईला मदत करतो हो!” जणू वाण्याकडून साखर आणून दिली!

आता ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाने ते घराघरांत आणखी खोल गेले. या पुस्तकाला रडवे म्हणण्याची एक फॅशन मध्यंतरी होऊन गेली. मीही तरुणपणी तसे म्हणत असे. परवा पुन्हा वाचायला घेतले, आणि पहिल्याच रात्री थबकलो. पहिल्या रात्रीची गोष्ट कशाची आहे आठवते? वटसावित्रीच्या व्रताची. आई तापाने खंगलेली, वडाला प्रदक्षिणा घालण्याची तिच्यात ताकद नाही, म्हणून ती श्यामला सांगते, माझ्या वतीने तू घाल. आणि श्यामला लाज वाटते. तेथे बायका असणार, शाळेतली पोरे पाहतील, हसतील.

या लाजेसाठी मी गुरुजींपुढे हात जोडतो. आईच्या थोरवीची बेचाळीस रात्रींची कहाणी सांगायला बसलेला माणूस पहिल्या रात्री काय सांगतो, तर आजारी आईचे काम करताना लोकांनी आपल्याला पाहू नये असे आपल्याला वाटले. हे खरे लिहिणे. माझ्या विद्यार्थिनीचे ते दारातले वाक्य येथे, नव्वद वर्षांपूर्वीच्या पुस्तकात, कोकणातल्या वडाखाली होते. मी ते पंचवीस वेळा वाचले असेन, आणि तरी वर्गात टाळ्या वाजवायला लावल्या.

माझी तक्रार आहे ती पुढची. श्यामची लाज फार लवकर फिटते. आई समजावते, तो वडाकडे जातो आणि गोष्ट संपते. आमच्या अनुभवाला लाज अशी एका समजावणीत फिटत नाही. ती रोज सकाळी नव्याने येते. दुसरे असे की, पुस्तकाच्या अखेरीस आईचा शेवटचा आजार येतो, तेव्हा श्याम तिथे नाही. तो शिक्षणासाठी दूर घाटावर आहे. घरी वडील आहेत, शेजारणी आहेत, मावशी येते, आणि धाकटा पुरुषोत्तम आहे. प्रत्यक्षातही गुरुजींच्या मातोश्री १९१७ साली गेल्या. त्या सुमारासच गुरुजी आमच्या या पुण्यात नूतन मराठी विद्यालयाचे विद्यार्थी होते. ज्या पुस्तकाने महाराष्ट्राला आईच्या सेवेचे वेड लावले, त्यातला मुलगा आईच्या शेवटच्या उशाशी नव्हता. पुस्तकातले अश्रू त्या नसण्याचे आहेत. मी हे गुरुजींना कमीपणा म्हणून सांगत नाही. पण तो धाकटा पुरुषोत्तम? त्याने त्या दिवसांत काय पाहिले, काय उचलले, रात्री तो कुठे झोपला? जे पोर घरात असते ते पुस्तक लिहीत नाही. पुस्तक लिहितो तो दूर गेलेला.

हे मला इतके ठामपणे म्हणता येते, कारण आमच्या घरातही असेच घडले.

माझे वडील, अण्णा, याच पेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवीत. १९९१ च्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायू झाला. मी बारा वर्षांचा, ताई पंधराची. वाड्याच्या माडीवर आमच्या दोन खोल्या, संडास खाली परसात, लाकडी जिना अरुंद. अण्णा त्यानंतर तो जिना स्वतःच्या पायांनी कधी उतरले नाहीत. आई पोळ्यांच्या कामांना जाऊ लागली. घर चालायचे तर दुसरे काय करणार? मग अण्णांचे ‘करणे’ आम्हां दोघांकडे आले. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, हे आम्हांला पहिली जखम झाल्यावर कळले. पाण्याने ठसका लागतो पण घट्ट पेज नीट उतरते, पाठीशी उशा लावून बसवूनच भरवायचे, घास लहान घ्यायचा, हेही असेच चुकतमाकत. माणूस झोपलेला असताना त्याच्या खालची चादर कशी बदलायची, ते इस्पितळातल्या एका आयाने ताईला दाखवले होते. दोन मिनिटांचे काम, पण शिकवले तेवढे तिने एकटीने. बाकी कोणी काही शिकवले नाही. आले-गेले ते पाठीवरून हात फिरवून गेले.

पाठ मात्र माझी. वाड्यात मला श्रावणबाळ म्हणत. मी सकाळी अण्णांच्या पायांना तेल लावून शाळेत जाई. ताईची शाळा त्याच वर्षी सुटली, आणि तिला कोणी काहीच म्हटले नाही. मुलीच्या जातीने घरातले केले त्यात नवल ते काय! मुलगा तेच करतो तेव्हा ती सेवा होते, मुलगी करते तेव्हा ते घरकाम असते. मी मॅट्रिक झालो. ती बसलीच नाही.

पुढे मी कादंबरी लिहिली, ती याच दिवसांवर. तिचे नाव सांगत नाही. ज्यांनी वाचली त्यांना कळेल, इतरांनी आता वाचू नये. तिच्यात एक प्रसंग आहे. गणपती विसर्जनाचा दिवस, रस्त्यावर ढोल-ताशे, मुलगा मिरवणूक पाहत असतो आणि आतून बापाची हाक येते, पाणी. मुलगा मिरवणूक टाकून धावतो आणि पेला ओठांशी लावतो. या प्रसंगाची परीक्षणांत वाखाणणी झाली, एका शाळेत तो स्नेहसंमेलनात वाचून दाखवला गेला.

तो प्रसंग खोटा आहे. घडले ते असे. ताई औषध आणायला गेली होती. मी वाड्याच्या पायरीवर बसलो होतो. अण्णांची अडखळती हाक मी स्वच्छ ऐकली, आणि ऐकली नाही असे केले. पथक बोळाच्या तोंडावरून पुरते जाईपर्यंत बसून राहिलो. अर्धा तास तरी झाला असेल. वर गेलो तेव्हा अण्णांनी विचारले, “गेली का रे मिरवणूक?” ते रागावले नव्हते. मी पाणी दिले. त्या अर्ध्या तासात हे सारे एकदाचे संपावे, असेही माझ्या मनात येऊन गेले होते. ‘हे सारे’ म्हणजे काय, ते चौदा वर्षांच्या मुलालाही कळत होते.

हे मी कादंबरीत उलटे का लिहिले? लाज वाटली, हे एक. पण त्याहून मोठे कारण असे की, खरे लिहिण्यासाठी लागणारा नमुना माझ्यासमोर नव्हता. कॅलेंडरावरचा श्रावण होता. वाल्मीकीचा मुलगा मला आधी भेटला असता, तर कदाचित मी पायरीवर बसलेला मुलगा लिहू शकलो असतो. ताईने कादंबरी वाचली, आणि परत देताना एवढेच विचारले, “अरे, यात अण्णांचं भांडं कोण धुतं?” मी पाने उलटून पाहिली. तीनशे बारा पानांत ते भांडे कोठेच नव्हते. आणि बहीणही, खरे सांगायचे तर, जवळजवळ नव्हतीच.

नमुने मराठीत नाहीत असे मात्र नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात निघाली. आरंभीच वडिलांच्या सोवळ्याचे प्रकरण आहे. १८५७ च्या धामधुमीत घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला फाशी झाली, त्या धक्क्यानंतर वडिलांना शुचिर्भूतपणाने असे पछाडले की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येईना. आज आपण याला मनाचा आजार म्हणू. त्या आजाराभोवती एक अख्खे घर, बायकापोरांसकट, धूत आणि पुशीत राहिले. लक्ष्मीबाई हे कशा सांगतात? हसत! त्या बापाला राक्षस करीत नाहीत आणि स्वतःला देवी करीत नाहीत. सोसलेल्या घरात विनोदही पिकतो, ही गोष्ट आमच्यासारख्यांच्या पुस्तकांतून पार हरपली. वास्तविक आम्हीही अण्णांच्या कॉटशी बसून हसत असू. ताई वाड्यातल्या भाडेकऱ्यांच्या नकला करी आणि अण्णा अर्ध्या तोंडाने हसत. तेही मी लिहिले नाही. आजाऱ्याच्या खोलीत हसणे कादंबरीला शोभले नसते!

दुसरे पुस्तक आनंद यादवांची ‘झोंबी’, १९८७ चे. कागलचा हा थोरला मुलगा शाळेतून काढून मळ्याला जुंपलेला, मागे भावंडांची रांग, आईची एकामागून एक बाळंतपणे. येथे आजारी आईबाप नाहीत, पण मुलाच्या खांद्यावर घर आहे. आणि यादव रागावतात. बापावर रागावतात, शाळेसाठी भांडतात, पळून जातात. ज्या पोराला घर ओढावे लागते त्याला राग येण्याचा हक्क आहे, हे मराठीत इतक्या मोकळेपणी त्याआधी कोणी लिहिले असेल असे मला वाटत नाही. लाज गुरुजींनी लिहिली, हसणे लक्ष्मीबाईंनी, राग यादवांनी. तिन्ही एका पोराच्या ठिकाणी असलेले पुस्तक अजून यायचे आहे. ते माझ्या ताईने लिहायला हवे होते, पण तिला लिहिण्याइतके शिकू दिले नाही.

विलायतेत अशा मुलांना ‘यंग केअरर’ असे नाव आहे. इंग्लंडच्या २०११ च्या जनगणनेत पाच ते सतरा वर्षांची अशी १,६६,३६३ मुले मोजली गेली, आणि २०१४ च्या कायद्याने त्यांच्या गरजांची पाहणी करणे स्थानिक सरकारांवर बंधनकारक झाले. आमच्याकडे त्याच वर्षीच्या जनगणनेने २ कोटी ६८ लाख अपंग माणसे मोजली. त्यांना उठवते-बसवते कोण, हा रकाना नव्हता. २०१९ च्या वेळेच्या वापराच्या देशव्यापी पाहणीत सहा वर्षांपासूनच्या मुलांनाही दिवस कसा गेला ते विचारले, हे मात्र नोंदवले पाहिजे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत आईबाप दुर्धर आजारी असलेल्या मुलांनाही बसवता येते. दरमहा २,२५० रुपये मिळतात. माझ्या विद्यार्थिनीच्या घरी ही योजना कोणाला माहीत नव्हती. मलाही नव्हती. अर्ज आता दिला आहे.

शाळेत काय केले तेही सांगतो, फार नाही. डायलिसिसच्या दिवशी ती दोन तास उशिरा आली तरी हजेरीत शेरा नाही. घरून फोन आला तर शिपायाने तिला वर्गातून बोलवायचे, कारण विचारायचे नाही. आणि कोणी तिचे कौतुक करायचे नाही. ही शेवटची अट तिची. मुख्याध्यापिकाबाईंनी तिन्ही गोष्टी एका दमात मान्य केल्या, तेव्हा मला जरा ओशाळल्यासारखे झाले. इतके सोपे होते तर मी अगोदर विचारले का नाही? ताईही गुरुवारी जाऊन तिच्या आईपाशी बसते. चादर बदलण्याची ती दोन मिनिटांची रीत तिने मुलीला शिकवली, आणि येताना मला म्हणाली, “त्या पोरीला म्हणावं, गुरुवारी खेळायला जा. मी आहे.”

मुलगी गुरुवारी कोठे जाते ते मी विचारलेले नाही.

‘स्मृतिचित्रे’ची प्रत मी तिला पुणे मराठी ग्रंथालयातून आणून दिली. वर्गात कोणी नसताना एकदा तिने विचारले, “सर, ह्या बाई एवढं सगळं झाल्यावर हसतात कशा?” मी म्हटले, पुढे वाच. पुस्तक माझ्या नावावर आहे, मुदत संपून तीन आठवडे झाले, आणि ग्रंथालयाकडून दोनदा आठवण आली आहे. दंड मी भरीन. परत मागायचा मात्र धीर होत नाही, कारण परवा पाहिले तेव्हा तिने खूण म्हणून पानात दोरीचा तुकडा घातला होता आणि तो अजून अर्ध्यावरही आला नव्हता.